पोस्टग्रेसमध्ये ग्रँट देताना ‘रो इज टू बिग’: कुठली रो?

पावसाळी_ढग

नमस्कार मंडळी. डेटाबेसवाले बरेच जण इथे वावरतात म्हणून विचारतेय.

आमचं हिशेबाचं एक ॲप पोस्टग्रेस १३ वर चालतं. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र डेटाबेस रोल (म्हणजे खातं), ही रचना मी यायच्या आधीपासूनची. नवा ग्राहक आला की एक स्क्रिप्ट रोल तयार करते आणि त्याला लागतील त्या टेबलांवर ग्रँट, म्हणजे वापराचे हक्क, देते. ‘व्यवहार’ हे टेबल मात्र सगळ्यांनाच लागतं. रोल आता अडीच हजारांच्या घरात गेलेत. परवा स्क्रिप्ट मध्येच अडकली:

एरर: रो इज टू बिग: साइझ ८१७६, मॅक्झिमम साइझ ८१६०

‘व्यवहार’मधली सगळ्यात लांब रोसुद्धा तीनशे बाइटच्या पुढे जात नाही. आणि मी इन्सर्ट करतच नाहीये, नुसतं ग्रँट देतेय. बाकीच्या टेबलांवर तेच ग्रँट बिनबोभाट होतं.

मग मोठी झाली ती रो कुठली? ही मर्यादा कुठे सेटिंगमध्ये वाढवता येते का? की आवृत्ती बदलली की प्रश्न सुटेल? आमचे वरिष्ठ म्हणतात ‘डिस्क वाढवून बघ’. डिस्कचा काही संबंध नसावा असं मला तरी वाटतं.

खडूस_डीबीए

वरिष्ठांना डिस्क नको, सुट्टी द्या.

मोठी झालेली रो तुमच्या टेबलातली नाही, पीजी_क्लासमधली आहे. डेटाबेसमधलं प्रत्येक टेबल, इंडेक्स, व्ह्यू, सीक्वेन्स यांची एकेक रो पीजी_क्लासमध्ये असते. तिच्यात रेलएसीएल नावाचा एक कॉलम आहे. कोणाला, कोणी, काय हक्क दिले याची यादी त्या एका कॉलमात ॲरे म्हणून राहते. ‘व्यवहार’ची रो एकच, आणि तिच्यात अडीच हजार नोंदी. बाकीच्या टेबलांवर सगळ्या ग्राहकांना हक्क दिलेले नसतील, म्हणून ती अजून चालतायत.

खात्री करायची असेल तर पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनवर) व्हर्बोसिटी ‘व्हर्बोज’ करा आणि तेच ग्रँट परत द्या. एररखाली सोर्स फाइलचं नाव येईल, एचआयओ डॉट सी. ‘या टपलला मावेल असं पान शोध’ हे काम करणारा कोड तिथे आहे. (टपल म्हणजे रो, पान म्हणजे डेटा साठवायचा ठरावीक आकाराचा ठोकळा.) टेबलाचं नाव तो सांगत नाही, त्यामुळे माणूस स्वतःच्या टेबलात शोधत बसतो.

मर्यादा सेटिंगने वाढत नाही. पानाचा आकार पोस्टग्रेस कंपाइल करतानाच ठरतो. ३२ केबीपर्यंत नेता येतो, पण मग सगळा डेटा डंप करून नव्या क्लस्टरमध्ये भरावा लागेल. क्लाउडवरची तयार सेवा वापरत असाल तर तेही विसरा. आणि अडीच हजार रोलना एका टेबलावर थेट ग्रँट देणं हीच मुळात चूक आहे, ते वेगळं.

नवशिक्या

खडूस सर, एक शंका. एका नोंदीला किती बाइट लागतात?

खडूस_डीबीए

१३ मध्ये बारा. ज्याला दिलं त्याचा ओआयडी (अंतर्गत क्रमांक) चार, ज्याने दिलं त्याचा चार, हक्कांचे बिट चार. १६ पासून हक्कांचे बिट दुप्पट केले, म्हणून सोळा.

नवशिक्या

मग ८१६० ला १२ ने भागलं तर ६८० येतात. ताईंची गाडी अडीच हजारांपर्यंत आली कशी?

मधुरा_द

प्रश्न आवडला. उत्तर आहे कॉम्प्रेशन.

आधी ८१६० कुठून आले ते. पान ८१९२ बाइटचं. त्यातले २४ पानाच्या हेडरला, ४ त्या रोकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरला, आणि आठच्या पटीत आणायला आणखी ४. उरले ८१६०. पोस्टग्रेसमध्ये एक रो दोन पानांवर पसरू शकत नाही. म्हणून हाच कमाल आकडा.

आता रो साधारण दोन केबीच्या पुढे गेली की टोस्ट नावाची यंत्रणा जागी होते. ती आधी मोठे कॉलम जागच्या जागी दाबून बघते. त्यानेही भागलं नाही तर मूल्याचे साधारण दोन-दोन हजार बाइटचे तुकडे करून ते एका जोडटेबलात ठेवते, आणि मूळ रोमध्ये फक्त १८ बाइटचा पॉइंटर उरतो. पीजी_क्लासला जोडटेबल नाही, त्यामुळे दुसरी पायरी बंद. पण पहिली चालू असते!

ढगताईंचे रोल स्क्रिप्टने ओळीने तयार झालेत, म्हणजे ओआयडी जवळपास लागोपाठचे. देणारा तोच, हक्क तेच. बारा बाइटच्या नोंदीत आधीच्या नोंदीपेक्षा वेगळा असतो तो बहुतेक वेळा एकच बाइट. बाकीच्या अकरांना पीजीएलझेड (पोस्टग्रेसचं कॉम्प्रेशन) ‘मागे बघ, तिथून उचल’ असं दोन बाइटांत लिहून मोकळा होतो. खुणेचे बिट धरले तर नोंदीमागे सव्वातीन बाइट. त्या हिशेबाने अडीच हजारांच्या आसपासच भरायला हवं होतं, तसंच झालं.

हेच रोल विस्कळीत ओआयडींचे असते किंवा प्रत्येकाला निरनिराळे हक्क असते, तर पुष्कळ आधी अडकला असता. म्हणून ‘किती रोलपर्यंत चालतं’ याला ठाम उत्तर नाही.

टवाळ

शीर्षक वाचून आलो, टोस्ट निघाला. पाकृ विभागात हलवा धागा. खारी कुठल्या आवृत्तीत येतेय?

बापू_बार्शीकर

टवाळा, नाव त्यांनी मुद्दामच तसं ठेवलंय. ‘दि ओव्हरसाइझ्ड-ॲट्रिब्यूट स्टोरेज टेक्निक’ असा लांबलचक विस्तार करून टोस्ट जमवला, आणि अधिकृत कागदपत्रांतही स्लाइस्ड ब्रेडचा विनोद आहे.

आम्ही हे सगळं होण्याआधीचे. ७.१ येण्यापूर्वी, म्हणजे २००१ च्या आधी, आठ केबीची अट तुमच्या-आमच्या टेबलांनाही होती. मोठा मजकूर ठेवायचा तर तुकडे आपणच पाडायचे. व्ह्यूची व्याख्या पीजी_रीराइटमध्ये जाते, तिलाही तीच अट. जरा मोठा व्ह्यू लिहिला की एरर. ७.० मध्ये एलझेडटेक्स्ट नावाचा दाबलेल्या मजकुराचा टाइप आला, त्याने थोडं निभावलं. मग ७.१ मध्ये यान वीक यांनी टोस्ट आणलं आणि एलझेडटेक्स्टची गरज संपली.

पण टोस्ट आलं म्हणून सगळ्या सिस्टिम कॅटलॉगना (डेटाबेसची स्वतःबद्दलची टेबलं, पीजी_क्लास त्यातलंच) ते मिळालं नाही. धोरण असं होतं की ज्याला खरोखर लागेल त्यालाच द्यायचं. फंक्शनचा मजकूर ठेवणारं पीजी_प्रॉक, व्ह्यू-रूलचं पीजी_रीराइट, डिफॉल्टचं पीजी_ॲट्रडेफ, कॉन्स्ट्रेंट, ट्रिगर, कॉमेंट, आकडेवारीचं पीजी_स्टॅटिस्टिक अशी मोजकी मंडळी. बाकीचे वर्षानुवर्षं त्याविनाच. ९.५ मध्ये रो-लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठल्या रो दिसाव्यात याचे नियम) आली, तिच्या पॉलिसी पीजी_पॉलिसीमध्ये जातात, आणि त्याला टोस्ट नव्हतं! लांब पॉलिसी लिहिली की हाच एरर. शेवटी १२ मध्ये, २०१९ साली, ‘कोणाला लागेल, कोणाला नाही हे ठरवत बसण्यापेक्षा सरसकट देऊन टाका’ असं झालं. अपवाद पाचच: पीजी_क्लास, पीजी_ॲट्रिब्यूट, पीजी_इंडेक्स आणि लार्ज ऑब्जेक्टची दोन.

नवशिक्या

आणि नेमकं पीजी_क्लासलाच का नाही? ज्याला सगळ्यात जास्त लागतंय त्यालाच?

बापू_बार्शीकर

टोस्टमधलं मूल्य वाचायचं तर टोस्ट टेबल उघडायला हवं. कुठलंही टेबल उघडायचं तर त्याची पीजी_क्लासमधली रो वाचायला हवी, कॉलम कळायला पीजी_ॲट्रिब्यूट हवं, आणि तुकडे शोधायचे इंडेक्समधून, म्हणजे पीजी_इंडेक्स हवं. पीजी_क्लासचंच मूल्य टोस्टमध्ये टाकलं तर कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावल्यासारखं. प्रत्येक वेळी अडकेलच असं नाही, पण अडकलं तर सर्व्हर उठणारच नाही. शिवाय व्हॅक्यूम (मेलेल्या रो साफ करणारा) पीजी_क्लासची रो जागच्या जागी बदलतो, त्या कोडची गुंतागुंत वाढली असती.

लार्ज ऑब्जेक्टचं कारण वेगळं. पीजी_लार्जऑब्जेक्ट स्वतःच डेटा २०४८ बाइटच्या तुकड्यांत ठेवतो, त्याला टोस्टचा उपयोग शून्य. पीजी_अपग्रेडलाही (आवृत्ती बदलायचं साधन) ते अडचणीचं झालं असतं.

डॅलसचा_दिन्या

बापूसाहेब, इतिहास सुरेख. पण माझ्या मते हा बगच आहे. २०२० नंतरच्या डेटाबेसने ‘मला माझीच यादी लिहिता येत नाही’ म्हणायचं? वापरणाऱ्याने कॅटलॉगच्या पोटात काय चाललंय हे का बघावं? ऑरेकलमध्ये हक्कांची एकेक नोंद म्हणजे एकेक रो असते. दहा हजार युजरना द्या, डिक्शनरी टेबल वाढत राहील, कोणी ओरडणार नाही. पोस्टग्रेसने ॲरे वापरला इथेच घोळ.

खडूस_डीबीए

दिन्याशेठ, ऑरेकलची डिक्शनरी काढलीतच तर डीबीए_व्ह्यूजमधला टेक्स्ट कॉलम कुठल्या टाइपचा आहे तेही सांगा इथल्या मुलांना.

डॅलसचा_दिन्या

…लाँग.

खडूस_डीबीए

हां. जो टाइप वापरू नका, एलओबी (मोठ्या मूल्यांचा नवा टाइप) वापरा, असं ऑरेकल स्वतः आठ-आयच्या काळापासून सांगतंय, तोच त्यांच्या डिक्शनरीत. व्हेअरमध्ये चालत नाही, लाइक चालत नाही. ‘अमुक कॉलम कुठल्या कुठल्या व्ह्यूत आलाय’ शोधायचं तर पीएल/एसक्यूएलचा लूप लिहा. पार्टिशनची हाय_व्हॅल्यू? लाँग. कॉलमचा डेटा_डिफॉल्ट? लाँग. मागाहून टेक्स्ट_व्हीसी आणला, त्यात चार हजारांपर्यंतच.

डॅलसचा_दिन्या

मान्य. हाय_व्हॅल्यूने माझे केस गेलेत, त्यावर वाद नाही. पण त्यात निदान मावतं तरी.

मधुरा_द

एसक्यूएल सर्व्हरचा जुना प्रकार याहून मजेशीर. सिसकॉमेंट्समध्ये प्रोसिजरचा मजकूर चार-चार हजार अक्षरांच्या रोंमध्ये कापून ठेवायचे, कॉलआयडी हा अनुक्रम. शोधताना तुमचा शब्द नेमका कापाच्या दोन बाजूंना पडला की सापडायचाच नाही. ‘हे टेबल कुठल्याच प्रोसिजरमध्ये वापरलेलं नाही’ असं खात्रीने सांगून लोकांनी टेबलं उडवली आहेत. २००५ मध्ये सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्समध्ये एनव्हारकॅर(मॅक्स) आला तेव्हा सुटका झाली. एसपी_हेल्पटेक्स्ट मात्र अजून २५५ अक्षरांवर ओळ तोडतो.

तेव्हा मोठं मूल्य आपल्याच कॅटलॉगमध्ये कसं ठेवायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडला आणि प्रत्येकाने आपापली पळवाट काढली. ॲरेबद्दल मात्र दिन्याशी अर्धी सहमत. हक्क तपासताना यादी एका वाचनात हाताशी यावी म्हणून ती रोमध्येच ठेवली. वीस-पंचवीस नोंदी असतील तर फारच सोयीचं. अडीच हजार झाल्या की प्रत्येक तपासणीला ती यादी सुरुवातीपासून चाळावी लागते.

अनुस्वार

अवांतर आहे, पण मराठी मंडळींना कामाचं. कॅटलॉगमध्ये आणखी एक प्रकार असतो जिथे मोठं मूल्य ना दाबतात ना टोस्ट करतात, सरळ कापतात: नावं. टेबल, कॉलम, फंक्शन, रोल यांचं नाव जास्तीत जास्त ६३ बाइट. इंग्रजीत ६३ अक्षरं, आपल्याकडे २१. कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे.

एका प्रकल्पात कॉलमची नावं मराठीतच हवीत असा आग्रह होता. देवनागरी नावाला पोस्टग्रेसमध्ये अवतरणचिन्हंही लागत नाहीत, त्यामुळे सगळे खूश. मग एका टेबलात हे दोन कॉलम आले:

ग्रामपंचायत_मालमत्ता_कर
ग्रामपंचायत_मालमत्ता_क्रमांक

‘ग्रामपंचायत’ ११ चिन्हं, ३३ बाइट. ‘मालमत्ता’ ८ चिन्हं, २४. दोन अंडरस्कोअर. झाले ५९. पुढचा ‘क’ धरून ६२. त्यानंतर काहीही घेतलं तर ६५. दोन्ही नावं कापून उरली ‘ग्रामपंचायत_मालमत्ता_क’, आणि क्रिएट टेबल म्हणालं की कॉलम दोनदा दिलाय. कापताना अक्षर मध्येच तोडत नाही हे खरं, पण जोडाक्षराची फिकीर त्याला नाही, चिन्ह पूर्ण असलं की झालं. आणि कापल्याची नुसती नोटीस येते, एरर नाही. मायग्रेशनच्या लॉगमध्ये नोटीस कोण वाचतं?

टवाळ

करदात्यांचा ‘र’ गेला, ‘क’ तेवढा उरला. सरकारी काम चोख झालं. (ह. घ्या.)

रात्रपाळी

मूळ विषयावर येतो. पीजी_क्लासमध्ये रेलएसीएल हा एकच गुन्हेगार नाही. रेलपार्टबाउंड बघा. लिस्ट पार्टिशनमध्ये (टेबलाचे मूल्यांच्या यादीनुसार भाग पाडतात तेव्हा) ‘फॉर व्हॅल्यूज इन’ म्हणून जी यादी देता, ती तिथे जाते, तीही नोडच्या मजकुराच्या रूपात. साधा १ हा आकडा असेल तर त्याचा टाइप, कोलेशन, लांबी, नल आहे की नाही, आणि प्रत्यक्ष बाइट, असं सगळं लिहून दीडशेच्या आसपास अक्षरं होतात. दाबून पुष्कळ कमी होतं, पण एका पार्टिशनला हजारो ग्राहक क्रमांक दिले की हाच ८१६० चा एरर. आमच्याकडे एका विक्रेत्याने दिलेल्या स्कीमात असंच होतं. उपाय म्हणून ग्राहकाला एक ‘गट’ कॉलम दिला आणि पार्टिशन गटावर केलं.

पीजी_ॲट्रिब्यूटमध्येही असाच खड्डा आहे: ॲटमिसिंगव्हॅल. ११ पासून डिफॉल्टसह कॉलम जोडला तर सगळं टेबल नव्याने लिहिलं जात नाही. जुन्या रोंसाठी ते एकच मूल्य पीजी_ॲट्रिब्यूटमध्ये ठेवलं जातं. मस्त सोय. आता डिफॉल्ट म्हणून कोणी लांबलचक टेम्प्लेट दिलं तर? एकच अक्षर लाख वेळा दिलंत तर चालेल, कारण ते दाबून हजार-बाराशे बाइटचं होतं. पण वीस हजार बाइटचा रँडम हेक्स दिलात तर रो इज टू बिग. चाचणीत पास, खऱ्या डेटावर फेल, असं होतं ते यामुळे.

तिथे सोपा मार्ग आहे. कॉलम आधी डिफॉल्टविना जोडा. मग अल्टर करून डिफॉल्ट लावा, ते पीजी_ॲट्रडेफमध्ये जातं आणि त्याला टोस्ट आहे. जुन्या रो हप्त्याहप्त्याने अपडेट करा.

नवशिक्या

वाचनखूण साठवली. माझ्या लॉगमध्ये एकदा ‘मिसिंग चंक नंबर ० फॉर टोस्ट व्हॅल्यू… इन पीजी_टोस्ट_२६१९’ असं आलं होतं. हे त्यातलंच का?

खडूस_डीबीए

नाही, ते वेगळं. तिथे मूल्य मावलं होतं, तुकडा हरवला.

२६१९ हा पीजी_स्टॅटिस्टिकचा ओआयडी. टोस्ट टेबलाच्या नावात मूळ टेबलाचा ओआयडी असतो, त्यामुळे १२५५ दिसला तर पीजी_प्रॉक, २६१८ दिसला तर पीजी_रीराइट. हे पाठ असलेलं बरं. फार जुन्या आवृत्तीत हा एरर क्षणभर येऊन जायचा. कॅशमधल्या रोमध्ये टोस्टचा पॉइंटर असायचा आणि तेवढ्यात ऑटोॲनालाइझ (आकडेवारी आपोआप ताजी करणारा) जुने तुकडे पुसून टाकायचा. २०११ च्या सुमारास यावर इलाज केला: सिस्टिम कॅशमध्ये रो घेतानाच बाहेरचे तुकडे आणून आत बसवायचे.

आजच्या आवृत्तीत पुन्हापुन्हा येत असेल तर डिस्क किंवा रॅम तपासा, आधी बॅकअप घ्या. तुमचं नशीब की बिघाड पीजी_स्टॅटिस्टिकमध्ये आहे. त्यातल्या रो सुपरयुजरने काढून ॲनालाइझ चालवलं की नव्या तयार होतात. हाच प्रयोग २६१८ वर करू नका, व्ह्यू जातील.

मधुरा_द

पीजी_स्टॅटिस्टिकची आणखी एक हुशारी. त्यात नेहमी आढळणारी मूल्यं आणि हिस्टोग्रामच्या सीमा प्रत्यक्ष मूल्यं म्हणून साठवतात. तुमच्या कॉलमात एमबी-एमबीचे मजकूर असतील तर ती यादी किती फुगेल! म्हणून ॲनालाइझ १०२४ बाइटपेक्षा रुंद मूल्यं त्या याद्यांत घेतच नाही. एवढी रुंद मूल्यं सहसा पुन्हा येत नाहीत हे गृहीतक. अडचणीच्या सगळ्या जागांत मला सर्वात शहाणपणाची वाटते ती हीच.

डॅलसचा_दिन्या

परत तोच मुद्दा काढतो. १२ मध्ये सगळ्यांना टोस्ट दिलं, आभाळ कोसळलं का? नाही. मग पीजी_क्लासला देऊन बघायला काय हरकत होती?

बापू_बार्शीकर

आभाळ नाही, पण पत्रे उडाले.

१२ मध्ये पीजी_डेटाबेसला टोस्ट मिळालं. व्हॅक्यूम संपताना त्या टेबलातला डॅटफ्रोझनएक्सआयडी (कुठल्या ट्रान्झॅक्शनपर्यंतच्या रो ‘गोठवल्या’ तो आकडा) जागच्या जागी बदलतात, आणि त्यासाठी रोची प्रत कॅशमधून घ्यायचे. कॅशमधली प्रत म्हणजे, खडूसरावांनी वर सांगितलं तसं, टोस्ट आत बसवलेली, म्हणजे लांबी वेगळी. डेटाबेसवर खूप ग्रँट असतील आणि डॅटएसीएल (त्या हक्कांची यादी) टोस्टमध्ये गेलं असेल, तर व्हॅक्यूमच्या शेवटी ‘राँग टपल लेंथ’. पूर्वी अशी रो लिहिताच यायची नाही, म्हणून हा बगही निघाला नव्हता. पुढे कॅशऐवजी थेट टेबलातून प्रत घ्यायला लागले. पण तोवर ज्याच्याकडे घडलं असेल त्याचा फ्रोझन आकडा पुढेच सरकला नसेल, विचार करा.

आणि उलट दिशेनेही झालंय. २०२५ च्या १८ मध्ये पीजी_ऑथआयडीचं टोस्ट काढून घेतलं! त्यात बदलत्या लांबीचं असं म्हणजे पासवर्डचा हॅश. लॉगिन तपासताना अजून कुठला डेटाबेस हे ठरलेलंच नसतं, पीजी_क्लास हाताशी नसतं, मग टोस्ट उघडणार कसं? हॅश टोस्टमध्ये गेला तर तो रोल आत येऊच शकणार नाही. म्हणून टोस्ट काढलं आणि हॅशला ५१२ बाइटची मर्यादा घातली. रेप्लिकेशन ओरिजिनच्या कॅटलॉगचंही तेच: टोस्ट गेलं, नावाला ५१२ ची मर्यादा.

रात्रपाळी

आणि त्याच १८ मध्ये पीजी_इंडेक्सला मिळालं, हे राहिलं बापू. मोठ्ठ्या एक्सप्रेशनचे इंडेक्स आता करता येतात. चक्राची भीती होती, चाचण्यांत तसं काही दिसलं नाही, आणि सिस्टिमच्या स्वतःच्या इंडेक्सना एवढी लांब एक्सप्रेशन कधी लागणार नाहीत, म्हणून धाडस केलं. म्हणजे दिन्यांचा मुद्दा अगदीच वाऱ्यावर नाही.

डॅलसचा_दिन्या

धन्यवाद. हे प्रिंट काढून लावतो.

खडूस_डीबीए

लावा. पण १८ मध्येही पीजी_क्लास आणि पीजी_ॲट्रिब्यूटला नाहीच, हे खाली बारीक अक्षरांत लिहा.

पावसाळी_ढग

बापरे, दोन दिवस आले नाही तर केवढं झालंय इथे! सगळ्यांचे आभार.

व्हर्बोज करून बघितलं, एचआयओ डॉट सीच आली. आवृत्ती बदलून सुटणार नाही हेही कळलं. वरिष्ठांना बापूकाकांचं किल्लीचं उदाहरण सांगितलं, डिस्कचा विषय बंद झाला.

आता गट-रोल करायचं ठरवतोय. ‘ग्राहक_सर्व’ नावाचा एक रोल, ‘व्यवहार’वर ग्रँट फक्त त्याला, आणि ग्राहकांचे रोल त्याचे सभासद. दोन शंका आहेत. सभासदत्व कुठे साठवतात, तिथेही असाच बांध लागेल का? आणि आधीची अडीच हजार ग्रँट काढताना काय जपायचं?

मधुरा_द

बांध नाही. सभासदत्व पीजी_ऑथ_मेंबर्समध्ये, प्रत्येक सभासदत्वाची एक छोटी रो. दिन्याला आवडेल अशी रचना.

काही रोल ‘नोइनहेरिट’ने केलेले असतील तर आधी शोधा. त्यांना सेट रोल केल्याशिवाय गटाचे हक्क लागू होणार नाहीत, आणि सकाळी ग्राहकांचे फोन तुम्हाला येतील. कुठल्या ग्राहकाला कुठल्या रो दिसाव्यात हे ग्रँटवर सोडू नका, रो-लेव्हल सिक्युरिटीची करंट_युजरवरची एक पॉलिसी पुरे.

खडूस_डीबीए

क्रम चुकवू नका. आधी सगळ्यांना सभासद करा. मग गटाला ग्रँट द्यायला जाल तर तेही ‘रो इज टू बिग’ म्हणेल, कारण यादी भरलेलीच आहे. म्हणून एका ट्रान्झॅक्शनमध्ये थोड्या रोलचं रिव्होक (हक्क काढणं), मग गटाला ग्रँट, मग बाकीच्यांचं रिव्होक.

आणि रिव्होक लूपमध्ये एकेक करू नका. प्रत्येक वेळी पीजी_क्लासची ती आठ केबीची अख्खी रो नव्याने लिहिली जाते आणि जुनी मेलेली मागे राहते. एकाच रिव्होकमध्ये स्वल्पविराम देऊन शे-दोनशे रोल घ्या, रो एकदाच लिहिली जाईल. झाल्यावर पीजी_क्लासवर साधा व्हॅक्यूम. व्हॅक्यूम फुल नको, त्याला पीजी_क्लासवर पूर्ण कुलूप लागतं आणि सगळं ॲप थांबेल.

पावसाळी_ढग

नोइनहेरिटवाले खरंच निघाले, ‘फक्त वाचन’वाल्या जुन्या ग्राहकांचे. त्यांना वेगळ्या गटात टाकतेय. रविवारी रात्री करतो.

टवाळ

रविवारी रात्री? सोमवारी सकाळी नवा धागा येणार तर. मी आत्ताच जागा धरून ठेवतो.

अनुस्वार

ढगताई, ‘ग्राहक_सर्व’ ३१ बाइट, निर्धास्त राहा. पण बाकीच्या गटांची नावं ‘ग्राहक_फक्त_वाचन_जुने_करारधारक’ छाप ठेवू नका. ती कापली जातील, आणि गंमत म्हणजे ग्रँटमध्येही तशीच कापली जाऊन चालतीलसुद्धा, दुसरा तसाच गट येईपर्यंत.